मिरज जंक्शन : दुष्काळ, रूळमाप आणि पाणी

प्रास्ताविक

दक्षिण महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाचा विचार करताना संस्थाने, सहकार आणि साखर या तीन विषयांवर जेवढे लेखन झाले आहे, तेवढे लोहमार्गावर झालेले नाही. वास्तविक कृष्णाकाठच्या बाजारपेठा आणि कारखाने, तसेच वैद्यकीय सेवा व संगीत यांच्या वाटचालीत लोहमार्गाचा वाटा मोठा आहे आणि या मार्गांची गाठ मिरजेत पडते. पश्चिमेकडून पुणे व कोल्हापूर, दक्षिणेकडून बेळगाव-हुबळी आणि पूर्वेकडून पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर या दिशांचे मार्ग येथे एकत्र येतात.

मिरजेचे स्थान कशामुळे महत्त्वाचे ठरले, या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर 'मध्यवर्ती भौगोलिक स्थिती' असे दिले जाते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मिरजेचे महत्त्व गाड्या येथून जातात यापेक्षा त्यांना येथे थांबावेच लागे, यावर अधिक उभे होते. आणि हे थांबणे रुळांच्या वेगवेगळ्या मापांमुळे घडत होते. ही मापे एक झाल्यावर जंक्शनच्या अस्तित्वाचा जुना आधार गेला. त्यानंतर काही वर्षांनी, २०१६ च्या उन्हाळ्यात, याच स्थानकातून लातूरला पाणी नेणाऱ्या गाड्या सुटल्या आणि एकोणिसाव्या शतकातला 'आधी लोहमार्ग की आधी पाटबंधारे' हा वाद अनपेक्षितपणे पुन्हा समोर आला. प्रस्तुत लेखात या दोन सूत्रांच्या आधारे मिरज जंक्शनच्या इतिहासाचा व वर्तमानाचा विचार केला आहे.

दुष्काळातून निघालेला मार्ग

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळाने मुंबई इलाख्याचा दक्षिण भाग उद्ध्वस्त झाला. बेळगाव, धारवाड, कलादगी या जिल्ह्यांत लोहमार्ग नव्हता. बाहेरून आणलेले धान्य बैलगाडीने आत न्यावे लागे आणि बैलांनाच चारा-पाणी नसल्यामुळे तीही वाहतूक कोलमडली. पुणे सार्वजनिक सभेने न्या. रानडे यांच्या प्रेरणेने या काळात गोळा केलेली दुष्काळाची माहिती महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील महत्त्वाचा टप्पा मानली जाते. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. दुष्काळापासून संरक्षण म्हणून देशात किमान २०,००० मैलांचे लोहमार्ग असावेत, असे त्या अहवालाचे मत होते.

या विचारातून १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. नावातील 'सदर्न मराठा' हे शब्द इंग्रज प्रशासनातील 'दक्षिणी मराठा मुलूख' या जुन्या प्रादेशिक नावावरून आले. खर्च कमी यावा म्हणून कंपनीच्या मार्गांसाठी मीटरगेज, म्हणजे १००० मिलिमीटर रुंदीचे माप निवडले गेले. मुंबईहून पुण्यापर्यंत आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मात्र १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज होता. काटकसरीचा हा निर्णय पुढे शतकभर या प्रदेशाच्या वाहतुकीवर हुकमत गाजवणार होता, याची कल्पना तेव्हा फार थोड्यांना असावी.

कंपनीचे मुख्यालय धारवाडला होते. १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी विलीनीकरण होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे अस्तित्वात आली, मुख्यालय मद्रासला गेले आणि धारवाडची ती भव्य इमारत पुढे कर्नाटक कॉलेजला मिळाली. रेल्वेच्या कचेरीत महाविद्यालय भरावे, हा योग अध्यापकवर्गाला रोचक वाटण्यासारखा आहे.

पुणे ते लोंढा हा मार्ग १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने खुला झाला. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारावरून उतरत तो कृष्णेच्या खोऱ्यात येतो आणि कराडवरून मिरजेस पोहोचतो. पुढे कुडचीजवळ कृष्णा ओलांडून घटप्रभेच्या प्रदेशातून बेळगावकडे जातो. १८८८ मध्ये कॅसलरॉक ते मुरगाव हा पोर्तुगीज हद्दीतील मार्ग सुरू झाल्यामुळे या रेल्वेला लोंढ्यावरून समुद्राची वाटही मिळाली. दुष्काळासाठी आखलेल्या या मार्गाचा उपयोग कापूस आणि धान्य बंदरापर्यंत नेण्यासाठीही होणार, हे उघड होते. दादाभाई नौरोजी व रमेशचंद्र दत्त यांच्यासारख्या टीकाकारांचा आक्षेप नेमका येथे होता. लोहमार्गांमुळे धान्य दुष्काळी भागात येते हे खरे, पण तेच धान्य सुकाळात आणि कित्येकदा दुष्काळातही देशाबाहेर जाते. शेतकऱ्याला पाणी दिले तर मुळात दुष्काळाची धार बोथट होईल, असा दत्तांचा युक्तिवाद होता. सरकारी तिजोरीतून लोहमार्गांवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत पाटबंधाऱ्यांवरील खर्च फारच अल्प होता. मिरजेचे स्थानक हे या वादातील एका बाजूच्या विजयाचे दगडविटांमधले रूप होय.

संस्थानांच्या मुलखातील स्थानक

मिरज त्या वेळी पटवर्धनांचे संस्थान होते. आसपासचा नकाशा तर गोधडीसारखा होता : सांगली, बुधगावची धाकटी पाती, कुरुंदवाड, कोल्हापूर, औंध आणि मधूनमधून ब्रिटिश मुलूख. अशा प्रदेशातून रेल्वे जाते तेव्हा तिच्या पट्ट्यापुरते अधिकारक्षेत्र ब्रिटिशांकडे सोपवावे लागे. रुळांच्या दुतर्फा संस्थानिकाचा अंमल आणि रुळांवर इंग्रज सरकारचा, अशी स्थिती असे.

स्थानकाला जंक्शनपण मिळाले ते कोल्हापूरमुळे. मुख्य मार्ग कोल्हापूरला वळसा घालून गेला होता. तेव्हा कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने मिरज ते कोल्हापूर मार्ग बांधण्याचे ठरविले. १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. तेव्हा ते अल्पवयीन होते आणि त्यांच्याकडे प्रत्यक्ष राज्यकारभार येण्यास अजून सहा वर्षे अवकाश होता. १८९१ मध्ये मार्ग खुला झाला. सुमारे ४७ किलोमीटरच्या या मार्गाने कोल्हापूरचा गूळ व्यापाराच्या मोठ्या प्रवाहात आला. शाहूंनी पुढे वसवलेली शाहूपुरीची गूळ बाजारपेठ कोल्हापूर स्थानकाला लागूनच आहे, हा योगायोग नव्हे. सांगली संस्थानाने १९०७ मध्ये मिरजेपर्यंत लहानसा शाखामार्ग घातला. मुख्य मार्ग जवळून जात असूनही आपल्या गावावरून जात नाही, हे शल्य सांगलीकरांना बराच काळ होते. मिरज आणि सांगली या जुळ्या शहरांतील चुरशीची मुळे शोधताना हा शाखामार्ग विसरता येत नाही.

बार्शी लाईट

पूर्वेकडील फाटा हा या जंक्शनचा सर्वांत वेगळा भाग होय. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाईट रेल्वे उभारली. कुर्डुवाडी, जिचे तेव्हाचे नाव बार्शी रोड होते, ते बार्शी हा तिचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. माप होते ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. कॅलथ्रॉपचा सिद्धान्त असा की रूळ हलके ठेवावेत, पण गाडीचे वजन सर्व आसांवर सारखे वाटावे. कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार पडू नये. असे केले तर अरुंद मार्गावरही मोठे डबे व भरपूर माल नेता येतो. अरुंद मापाच्या रेल्वेच्या जागतिक इतिहासात बार्शीचे नाव या प्रयोगामुळे आदराने घेतले जाते. (हाच कॅलथ्रॉप पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार करण्याच्या खटपटीस लागला. बार्शीच्या कापसापासून हवाई छत्रीपर्यंतचा त्याचा प्रवास स्वतंत्र चरित्राचा विषय आहे.)

१९०६ मध्ये हा मार्ग पंढरपूरला पोहोचला. दुसऱ्या बाजूने तो बार्शीच्या पुढे निजामाच्या मुलखात शिरून १९११ मध्ये लातूरला गेला. १९२७ मध्ये पंढरपूर-मिरज टप्पा पूर्ण झाला आणि मिरज ते लातूर असा सुमारे २०२ मैलांचा, म्हणजे ३२५ किलोमीटरचा सलग नॅरोगेज मार्ग तयार झाला. कवठेमहांकाळ, जत, सांगोला या पर्जन्यछायेतील कोरडवाहू तालुक्यांतून तो जात असे. एका टोकाला कृष्णा आणि दुसऱ्या टोकाला मांजरेचे खोरे, मधे माणदेशाची कड : या मार्गाचा नकाशा म्हणजे महाराष्ट्राच्या पर्जन्यमानाचा आलेखच होता.

आषाढी-कार्तिकीला या छोट्या गाडीवर येणारा भार तिच्या ताकदीबाहेरचा असे. डबे भरून वाहत, टपावर माणसे बसत. दक्षिणेकडून येणारे कानडी वारकरी मीटरगेजने मिरजेपर्यंत येत आणि येथून बार्शी लाईटने पंढरीला जात. मिरजेच्या फलाटावर कानडी आणि मराठी अभंग एकाच वेळी ऐकू येण्याची सोय रेल्वेने करून दिली, असे म्हणण्यास हरकत नाही. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली व ती मध्य रेल्वेत समाविष्ट झाली.

मार्गाच्या कडेने

लोहमार्गाचा परिणाम मोजताना टनांचे आकडे पुरेसे नसतात. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन रुग्णालय सुरू केले. शस्त्रक्रियेसाठी त्याची ख्याती झाली आणि उत्तर कर्नाटक, कोकण, सोलापूर, मराठवाडा अशा सर्व बाजूंनी रुग्ण येऊ लागले. मध्यम आकाराच्या संस्थानी गावात एवढे मोठे वैद्यकीय केंद्र टिकले, याचे श्रेय डॉक्टरांच्या कौशल्याला आहे; पण बैलगाडीत चार दिवस काढू न शकणारा रुग्ण आगगाडीने तेथपर्यंत येऊ शकत होता, हेही तितकेच खरे. पुढे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले व मिरज हे वैद्यकीय गाव म्हणून ओळखले जाऊ लागले.

संगीताची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व हुबळीजवळच्या कुंदगोळचे. कुंदगोळ, हुबळी, धारवाड, बेळगाव, मिरज, पुणे ही नावे एका ओळीत लिहिली तर ती एका घराण्याच्या प्रसाराची वाट ठरते आणि त्याच क्रमाने मीटरगेजची स्थानकेही ठरतात. लोहमार्गाने घराणे घडवले, असे कोणी म्हणणार नाही. पण गुरूकडे जाणारा शिष्य, मैफलीला जाणारा गवई आणि मिरजेच्या सतारमेकरांकडून बाहेरगावी जाणारे तंबोरे याच मार्गाने प्रवास करीत होते. खाँसाहेबांचा अंतही प्रवासातच झाला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना अस्वस्थ वाटू लागल्याने ते सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर उतरले आणि फलाटावरच त्यांनी प्राण सोडला. त्यांचा देह मिरजेला आणून ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला.

मिरजेच्या वायव्येस कुंडल रोड नावाचे लहान स्थानक होते. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंधच्या अधिपतींच्या साहाय्याने तेथील माळरानावर कारखाना आणि वसाहत उभारली. निवडुंगाचा माळ उद्योगासाठी पत्करण्यामागे हाताशी असलेले स्थानक हे मुख्य कारण होते. आज त्या स्थानकाचेच नाव किर्लोस्करवाडी आहे. याच मार्गावर, याच परिसरात, ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून लुटली. साम्राज्याने घातलेला मार्ग साम्राज्याच्याच विरोधात उपयोगी पडल्याचे हे उदाहरण सातारा-सांगली भागात अजून अभिमानाने सांगितले जाते.

तीन मापांचे स्थानक

१९२७ पासून मिरजेत मीटरगेज आणि नॅरोगेज अशी दोन मापे होती. ब्रॉडगेज आणि मीटरगेज यांची गाठ मात्र पुण्यात पडत असे. मुंबईहून दक्षिणेकडे जाणारा माल पुण्यात एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. नव्या आखणीत सांगली मुख्य मार्गावर आली आणि मुंबईहून कोल्हापूरपर्यंत थेट गाडी सुरू झाली. या घटनेचा दुसरा परिणाम तितकासा नोंदवला जात नाही. मापबदलाची सीमा पुण्यातून हलून मिरजेत आली. येथून दक्षिणेकडे हुबळी, बंगळूर, गुंतकलपर्यंत पसरलेले मीटरगेजचे जाळे, पश्चिमेकडे नवा ब्रॉडगेज आणि पूर्वेकडे बार्शी लाईटचा नॅरोगेज. सुमारे दोन दशके तिन्ही मापे एका स्थानकात नांदली. देशात अशी स्थानके मोजकीच होती.

हा काळ मिरज जंक्शनचा भरभराटीचा काळ मानावा लागेल आणि ही भरभराट गैरसोयीतून आली होती. मुंबईहून गोव्याला किंवा बेळगावला रेल्वेने जाणाऱ्याला मिरजेत उतरून दुसऱ्या फलाटावरील मीटरगेज गाडी गाठावी लागे. गाडी चुकली तर रात्र स्थानकावर काढावी लागे. त्यामुळे चहावाले, खानावळी, धर्मशाळा, टांगे व रिक्षा यांचा धंदा चाले. मालधक्क्यावर पोती पाठीवर घेऊन एका वाघिणीतून दुसरीत नेणारे हमाल हा स्थानकाचा मोठा श्रमिकवर्ग होता. ब्रॉडगेजची एक वाघीण रिकामी झाली की तिचा माल मीटरगेजच्या एका वाघिणीत मावत नसे. हिशेब जुळवणे, गळती व फूट नोंदवणे, पाऊस आला की ताडपत्र्या ओढणे हे कारकून आणि हमाल या दोघांचेही रोजचे काम. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा सारा विलंब व नुकसान होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मापबदल हा 'तोटा' म्हणून दाखवला जातो आणि देशाच्या पातळीवर तो तोटाच होता. मात्र हाच तोटा मिरजेतील शेकडो घरांची मिळकत होता, हे त्या पुस्तकांत सहसा येत नाही.

प्रशासनाच्या दृष्टीनेही मिरज ही कडेची जागा राहिली. १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे अशा बदलत्या क्षेत्रांशी मिरज जोडले गेले, तर नॅरोगेजचा फाटा मध्य रेल्वेकडे होता. २००३ मध्ये मध्य रेल्वेचा पुणे विभाग निर्माण झाला व हुबळी विभाग नव्या दक्षिण पश्चिम रेल्वेत गेला. आज पुणे, सोलापूर आणि हुबळी या तीन विभागांच्या सीमा मिरजेच्या आसपास मिळतात. संस्थानांचा गोधडीसारखा नकाशा गेला. रेल्वेचा मात्र काही अंशी तसाच राहिला. स्थानिक प्रवाशांच्या मागण्या कोणत्या दारात न्याव्यात, याचा घोळ त्यातून होतो.

एकमाप आणि त्यानंतर

१९९२ मध्ये रेल्वेने एकमाप धोरण स्वीकारले. त्या दशकात मिरजेच्या दक्षिणेकडील मीटरगेज ब्रॉडगेजमध्ये बदलला आणि दिल्ली, पुणे, गोवा, बंगळूर यांना जोडणाऱ्या गाड्या मिरजेवरून थेट धावू लागल्या. त्याच सुमारास, जानेवारी १९९८ मध्ये, कोकण रेल्वे पूर्ण झाली. मुंबई-गोवा प्रवासाचा मोठा भाग किनाऱ्याच्या मार्गाकडे गेला. म्हणजे गोव्याची वाट सलग झाली तेव्हाच ती मुंबईकरांसाठी दुसरीकडे वळली. मिरजेच्या दृष्टीने हा दुहेरी फटका होता.

नॅरोगेज अधिक काळ टिकला. कुर्डुवाडी-पंढरपूर टप्पा या शतकाच्या प्रारंभी रुंद झाला. २००८ मध्ये कुर्डुवाडी-लातूर बाजूचे काम संपले. त्यासाठी मार्ग वळवून उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, प्रथमच लोहमार्गावर आणण्यात आले. पंढरपूर-मिरज टप्पा सर्वांत शेवटी, २०१०-११ च्या सुमारास, ब्रॉडगेज झाला. बार्शी लाईटची छोटी इंजिने शोभेच्या वस्तू झाली. या बदलाने कोल्हापूर-मिरजेहून पंढरपूर, लातूरमार्गे मराठवाडा व विदर्भ गाठणे शक्य झाले. दक्षिण महाराष्ट्र आणि मराठवाडा हे एकाच राज्यातील भाग असूनही त्यांच्यात पुण्याचा वळसा न घालणारा थेट ब्रॉडगेज असा तेव्हाच प्रथम निर्माण झाला. महाराष्ट्राच्या निर्मितीस तोपर्यंत ५० वर्षे झाली होती.

लातूरची पाणीगाडी

या सलगतेची खरी परीक्षा २०१६ मध्ये झाली. सलग अपुऱ्या पावसामुळे मांजरा धरण कोरडे पडले. २०११ च्या जनगणनेनुसार ३ लाख ८० हजारांहून अधिक वस्ती असलेल्या लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. शेवटी कृष्णेचे पाणी रेल्वेने नेण्याचा निर्णय झाला. रेल्वेच्या टाकी-वाघिणी राजस्थानातील कोटा येथे स्वच्छ करून मिरजेत आणण्यात आल्या. रेल्वेची स्वतःची जलव्यवस्था आणि मिरजेतील जुनी हैदरखान विहीर यांचा या कामी उपयोग करण्यात आला. ११ एप्रिल २०१६ रोजी १० वाघिणींची पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन सुटली आणि ३४२ किलोमीटरचे अंतर कापून १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोहोचली. त्याच महिन्यात ५० वाघिणींच्या, प्रत्येकी सुमारे २५ लाख लिटरच्या गाड्या सुरू झाल्या.

या आकड्यांकडे थोडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. २५ लाख लिटर पाणी ३ लाख ८० हजार माणसांत वाटले तर माणशी साडेसहा लिटर येते. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी ते जेमतेम पुरेल. आंघोळ, धुणे, जनावरे यांचा त्यात समावेश नाही. पहिल्या गाडीचे पाणी तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास होते. तरीही त्या गाडीला लातूरकरांनी हार घातले, यावरून गरज किती होती ते कळते. लोहमार्गाने संकटात माणसे जगवली हे नाकारता येत नाही. १८८० च्या आयोगाने लोहमार्गाकडून जी अपेक्षा केली होती, ती धान्याऐवजी पाण्याच्या बाबतीत पूर्ण झाली.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. पाणीगाडी ज्या तालुक्यांतून गेली ते जत, सांगोला, कवठेमहांकाळ स्वतः दुष्काळी आहेत. याच भागासाठी मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथून कृष्णेचे पाणी उचलणारी उपसा सिंचन योजना आखली गेली आणि ती पूर्ण होण्यास दशके लागली. तहानलेल्या गावांच्या समोरून भरलेल्या टाक्या पुढे जात होत्या. शिवाय मांजरेच्या खोऱ्यात उसासारखे तहानलेले पीक वाढत गेले, हा प्रश्न कोणत्याही गाडीने सुटणारा नव्हता. रमेशचंद्र दत्तांचा आक्षेप १९०० च्या आसपासचा आहे, पण २०१६ च्या एप्रिलमध्ये तो कालबाह्य वाटत नव्हता.

पाण्याचे दुसरे टोकही या जंक्शनने पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला आलेल्या महापुरात सांगली-कोल्हापूर जलमय झाले. रुकडीजवळच्या पंचगंगेच्या पुलामुळे मिरज-कोल्हापूर वाहतूक बंद ठेवावी लागली. जुलै २०२१ मध्येही पुराने हा मार्ग थांबवला. रस्ते पाण्याखाली गेले असताना कोल्हापूरच्या बाजूचे प्रवासी मिरजेच्या अलीकडे-पलीकडे अडकले. तीन वर्षांच्या अंतराने एकाच स्थानकाने पाणी पाठवले आणि पाण्यामुळे गाड्या अडवल्या.

सद्यःस्थिती

मिरजेला मिळणाऱ्या सर्व मार्गांचे आता विद्युतीकरण झाले आहे आणि पुणे व लोंढा या दोन्ही बाजूंच्या दुहेरीकरणाचे काम बहुतांशी मार्गी लागले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे-हुबळी आणि कोल्हापूर-पुणे अशा दोन वंदे भारत गाड्या सुरू झाल्या; दोन्ही मिरजेत थांबतात. पुणे-कोल्हापूर महामार्गावरील बससेवा वेगवान असल्याने पुण्याच्या बाजूचा प्रवासी अनेक वर्षे रस्त्याकडे वळला होता, तो काही प्रमाणात परत येण्याची शक्यता यातून निर्माण होते. पूर्वेकडील मार्गाचे चित्र निराळे आहे. तेथे रस्त्यांची स्पर्धा कमी, पण गाड्याही मोजक्याच. वारीच्या काळात मिरज-पंढरपूर विशेष गाड्या धावतात आणि भरून जातात. एरवी जत किंवा सांगोल्याच्या विद्यार्थ्याला सकाळी मिरज-सांगलीच्या महाविद्यालयात येऊन संध्याकाळी परतता येईल असे वेळापत्रक ही प्रवाशांची मोठी गरज राहिली आहे. मिरजेत उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांनाही तीच अडचण जाणवते.

मालवाहतुकीचे स्वरूपही बदलले. पोत्यापोत्याने होणारी चढउतार गेली व पूर्ण गाडीभर एकच माल, म्हणजे साखर, खत, सिमेंट, इंधन, ही पद्धत रूढ झाली. सांगलीची हळद आणि तासगावची द्राक्षे आज मुख्यतः ट्रकने जातात. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाची घोषणा झाली असली तरी तो प्रत्यक्षात आलेला नाही. तो झाला तर कोकण रेल्वेचा संबंध थेट मिरजेशी येईल आणि १९९८ मध्ये गेलेल्या वाहतुकीतील काही भाग वेगळ्या वाटेने परतू शकेल. विशेषतः मराठवाडा व सोलापूर भागातील माल मिरजमार्गे कोकणच्या बंदरांकडे नेता येईल. १८८८ मध्ये लोंढ्यावरून मुरगावला जी वाट मिळाली होती, तिच्याच धर्तीची ही दुसरी वाट असेल.

दरम्यान, मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये आता बहुतांशी कुरियरने व विमानाने जातात. तरीही खोक्यात भुसा भरून बांधलेला एखादा तंबोरा उराशी धरून पुण्याच्या किंवा हुबळीच्या गाडीची वाट पाहणारा प्रवासी मिरजेच्या फलाटावर अधूनमधून दिसतोच.